मांडीवरचा जामीन

माणदेशात एक म्हातारी मेली आणि अर्ध्या जगाचे दिवे गेले. यात कुठं अतिशयोक्ती असेल तर ती ‘अर्ध्या’ या शब्दात आहे, म्हातारीत नाही. म्हातारी खरी होती. वैजंता काळेल तिचं नाव, गाव बोरखडक, आणि तिच्या हातची मटकीची उसळ मी खाल्लेली आहे.

तेव्हा जगात दोन थोर राष्ट्रं होती. नावं घेत नाही. नावं घेतली की त्यांच्या वकिलातींतून खुलासे येतात आणि ते वाचण्याइतकी नजर आता माझ्याकडं उरलेली नाही. एकांना आपण ‘वरचे’ म्हणू, कारण आकाशातलं यंत्र त्यांचं. दुसऱ्यांना ‘खालचे’ म्हणू, कारण जमिनीवरची जाळी त्यांची. दोघांचं एकमेकांशी इतकं वाकडं, की एकानं शिंक दिली तर दुसरा तोफेला बत्ती शोधायचा. पण दोघांचीही वीज पुरेना. तेल तळाला गेलेलं, कोळशाला हवा नको म्हणत होती, आणि माणसाच्या वतीनं विचार करणारी जी यंत्रं दोघांनी गावागावांत बसवली होती, ती हत्तीसारखी वीज खायची. वरच्यांकडं अग्निबाण होते, खालच्यांकडं जाळीला लागणारे दुर्मीळ धातू. एकट्याला जमत नव्हतं. म्हणून शत्रूंनी भागीदारी केली.

यंत्र समजायला अवघड नाही. पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटरवर, एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी सौरपत्र्यांची चटई. तिथं ढग नाहीत, धूळ नाही, आणि रात्रही जवळजवळ होत नाही. त्या उन्हाची वीज होते, विजेच्या सूक्ष्मलहरी होतात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या, पण विरळ केलेल्या. त्या ढगांतून सरळ खाली येतात, माळावर ताणलेल्या तारेच्या जाळीत अडकतात, आणि जाळी त्यांची पुन्हा वीज करते. जाळीखाली खुशाल उभं राहावं, शेळ्या चाराव्यात. जे यायचं ते वरच्या वरच झेललेलं असतं.

खरी गंमत नेमाची आहे. इतक्या लांबून शलाका नेमकी माळावर कशी पडावी? वर लाखो छोटे प्रक्षेपक असतात. ते एका लयीत चालले तरच शलाका बनते. आता लेझीम आठवा. शंभर पोरं एका पावलात नाचतात, कारण मधे हलगी असते. तशी जाळीच्या मध्यावरून एक बारीकशी लहर वर जात असते, आणि तिच्यावर सगळे प्रक्षेपक आपलं पाऊल जुळवतात. शास्त्रज्ञ तिला मार्गदर्शक संकेत म्हणतात. आमच्या गावानं तिला हलगीच म्हटलं. हलगी थांबली की ज्याचं पाऊल त्याच्या मनाला येईल तिकडं. शलाका विस्कटते आणि कुणालाही न पोळता आभाळभर विरून जाते.

पण हीच शलाका आवळताही येते. मैलभर पसरलेली ऊब कुणी मूठभर जागेत बांधली तर? वरच्यांना तो खोडसाळपणा वरून करता आला असता, खालच्यांना हलगीत फेरफार करून. नाहीतर कुणीही जाळीवर एक क्षेपणास्त्र टाकावं. म्हणून करारात सुरक्षेचं एक कलम घातलं. दोन्ही राष्ट्रप्रमुखांनी आपापलं एक अपत्य जाळीच्या मध्यावर राहायला पाठवायचं. राहत्या जागेचं नाव जामीनघर. दोघांच्या मनगटात एकेक पट्टा. पट्ट्यातली नाडी चालू असेल आणि पट्टा जाळीखालीच असेल, तरच हलगी वाजणार. स्वतःचं पोर जिथं झोपतं तिथं कुणी आग लावत नाही, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम होता. जुने राजे तो वापरत आले. फरक एवढाच की जुने राजे खरी पोरं पाठवायचे.

करारात शब्द होते, ‘राष्ट्रप्रमुखाचं कायदेशीर अपत्य’. रक्ताचं, हे लिहायचं राहिलं. राहिलं की ठेवलं, ते त्यांच्या वकिलांना ठाऊक.

आपल्याकडं एक जुनी रीत आहे. दत्तक जाणारा पाळण्यातलाच पाहिजे असं नाही. मिसरूड फुटलेला, लग्न झालेला, टाळूवर चंद्र उगवलेला बाप्यासुद्धा इथं दत्तक गेलेला आहे आणि कोर्टानं तो मान्य केलेला आहे. वरच्यांच्या वकिलाला जगभर धुंडाळून ही रीत सापडली, तेव्हा त्याला म्हणे आनंदानं हुंदका फुटला. जाळीला जागा आमच्याच माळावर ठरलेली. मुलगाही तिथलाच घ्यावा, प्रवासखर्च नको! आणि खालच्यांनी या लबाडीवर आरडाओरडा केला का? छे. एकमेकांचं एक वाक्य न पटणाऱ्या त्या दोघांना ही लबाडी मात्र ऐकताक्षणी पटली. पुढच्याच आठवड्यात त्यांनीही आमच्याच गावातली मुलगी घेतली.

वरच्यांनी निवडला वैजंताचा मुलगा धैर्यशील काळेल. पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर, चाळिशी गाठलेला, बिनलग्नाचा. दुष्काळी गावात मुलगी देतो कोण? खालच्यांनी घेतली रेश्मा झिमल. नवऱ्यानं सोडलेली, आईबाप नसलेली. तिला चुलत्यानं हसत हसत दिली.

धैर्यशीलचं दत्तकविधान शाळेच्या पटांगणात झालं. मी पाट पुसून दिला, म्हणून मला सगळं जवळून दिसलं. राष्ट्राध्यक्षांना वेळ नव्हता. त्यांच्या वतीनं राजदूत आला. काळा सूट घालून पाटावर बसला आणि त्याच्या मांडीवर मिशीवाला धैर्यशील. राजदूताच्या गुडघ्यांनी जो आवाज काढला, तो आमच्याकडं बैलगाडीच्या चाकाचा आरा मोडताना येतो.

भटजी म्हणाले, “बाप नाही तेव्हा आईनं हातावर पाणी सोडायचं आणि ‘दिला’ म्हणायचं. आई असेल तर तिनं दिल्याशिवाय दत्तक होत नाही.”

वैजंता जागची हलेना. “काय रं धैर्या,” ती म्हणाली, “टाळकं फिरलंय का तुझं? ह्या वयात परक्याच्या मांडीवर बसतोस?”

“आये, गावाला लाईट येणार हाय. त्यांनी कबूल केलंय. लाईट आली की मोटर चालंल, मोटर चालली की टँकर बंद. मी आयुष्यभर टँकर चालवलाय. बायका कशा भांडत्यात नळीसाठी, ते मी बघितलंय.”

“आन् मला आये म्हणायचं न्हाई?”

“कागदावर न्हाई. कागदाचं काय, शेरडं खात्यात.”

गाव हसलं. वैजंता हसली नाही. तिनं पाणी सोडलं, “दिला” म्हणाली, आणि राजदूताच्या कोटाची बाही धरली. “ऐका हो पावणं. मांडीवर घेतलाय तर आता बाप व्हा. रोज ‘जेवलास का’ म्हणून इचारत जावा. ह्येला कुणी इचारल्याबिगर जेवायची सवय न्हाई.”

राजदूताच्या खिशातल्या दुभाष्या यंत्रानं ते त्याला सांगितलं. त्याचे डोळे पाणावल्यासारखे झाले, गुडघ्यामुळं असेल. तो म्हणाला, आणि यंत्र छापील मराठीत बोललं, “माताजी, निश्चिंत असावे. राष्ट्राध्यक्षांच्या खाजगी दालनाशी थेट जोडलेला दूरध्वनी आपल्या, म्हणजे त्यांच्या, चिरंजीवांच्या उशाशी राहील.”

फोन खरंच बसवला. पांढराशुभ्र, आकडे नसलेला. इकडून लावता येत नव्हता, फक्त उचलता येत होता. लावण्याचा अधिकार बापाचा.

तो एकदाही वाजला नाही.

लाईटही आली नाही. करारात शलाकेचे दोन सारखे वाटे लिहिलेले होते. तिसरा वाटा नव्हता. मग बोरखडकचा बल्ब कुणाच्या वाट्यातून पेटवायचा? वरचे म्हणाले खालच्यांच्या, खालचे म्हणाले वरच्यांच्या. समिती बसली. समितीवर उपसमिती बसली. आमच्या डोक्यावरून दोन महासत्तांचा उजेड वाहत होता आणि खाली आम्ही चिमणीच्या काचा पुसत होतो. धरणाच्या काठावर तहानेनं मरणारी माणसं ज्या देशानं पाहिली, त्याला यात नवल वाटलं नाही. मला त्या नवल न वाटण्याचा संताप येतो.

जामीनघरात दोन खोल्या, मधे अर्धी भिंत. दोघं शत्रुराष्ट्रांची अपत्यं, म्हणून एकमेकांशी बोलायला बंदी. एकाच बांधावरची बोरं चोरून वाढलेली ही माणसं! पण जाळीखालचं गवत कमी राहावं म्हणून गावाच्या शेळ्या आत सोडायचे, आणि शेळीशी बोलायला बंदी नव्हती. मग दोघंही शेळीशी बोलायचे.

“ए शेळे,” रेश्मा म्हणायची, “इचार गं त्याला, बापाचा फोन आला का?”

“शेळे, सांग तिला, बाप कामात आसंल.”

“एवढी वर्सं?”

“मोठा मानूस हाय.”

“शेळे, त्याला म्हणावं, माझ्याकडचा पन वाजत न्हाई. पन मी वाट तरी बघत न्हाई.”

पुण्याहून नेमलेले समन्वयक पाठारे रोजचा अहवाल पाठवायचे: दोन्ही अपत्ये शांत, पशुप्रेमी.

एक गोष्ट सांगायची राहिली. शलाका सुरू झाली तशी माळावरची पाखरं हळूहळू निघून गेली. शास्त्रज्ञ म्हणाले, उंचावर जराशी ऊब लागते, घाबरण्यासारखं काही नाही. पाखरांनी त्यांचा निबंध वाचला नसावा. आधी घारी गेल्या, मग होले, चिमण्या, शेवटी कावळे. त्याची कुणी तक्रारही केली नाही. कावळ्याची आठवण माणसाला एकाच दिवशी येते.

मग वैजंता आजारी पडली.

छातीत कफ, अंगात ताप, वय झालेलं. गाव जामीनघरापासून चालत तासाभराच्या अंतरावर. कुंपणाशी उभं राहिलं की तिच्या घराचा पत्रा चमकताना दिसायचा. धैर्यशीलनं एका दिवसाची रजा मागितली. एका दिवसाची म्हणजे हलगी एक दिवस बंद. अर्ज दोन्ही राजधान्यांत गेला आणि काय सांगू, वर्षानुवर्षं एका टेबलाशी न बसलेली माणसं बसली आणि त्यांनी एकमतानं संयुक्त निवेदन काढलं. जगातल्या वर्तमानपत्रांनी त्याला सहकार्याचं नवं पर्व म्हटलं.

पाठाऱ्यांनी ते जामीनघराच्या ओट्यावर वाचून दाखवलं. “‘श्री. धैर्यशील यांच्या मातोश्री, म्हणजेच राष्ट्राध्यक्षांच्या सुविद्य पत्नी, यांची प्रकृती उत्तम असून त्यांनी कालच पुष्पप्रदर्शनाचे उद्घाटन केले. सबब रजेचे कारण उरत नाही.’”

 धैर्यशीलला वाटलं, पुढं अजून काही असेल.

रेश्मा अर्ध्या भिंतीवरून या बाजूला आली. शेळी जवळच होती, पण ती शेळीशी बोलली नाही. “पाठारे, तुला आई हाय का रं?”

“आहे ना, ताई.”

“मग हे वाचताना जीभ न्हाई अडखळली?”

“मी फक्त वाचून दाखवतो. निर्णय माझा नाही.”

“निर्णय कुणाचाच नसतोय. म्हातारी मातुर एकाचीच असती. जा, आन् त्यास्नी लिही, की धैर्याची आई तापानं तडफडतीया आन् फुलं बघत न्हाई.”

पाठाऱ्यांनी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यांची नोकरी वाचावी म्हणून मी त्यांचं नाव बदलून सांगितलं असतं.

वैजंता सकाळी गेली, चुलीवर पाणी ठेवलेलं असताना. शेजारणीनं आपली पोरगी पळत पाठवली, पोरीनं कुंपणापाशी येऊन हाक दिली. धैर्यशील तेव्हा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो उठला आणि फाटकाकडं चालायला लागला.

फाटकावर दोन्ही राष्ट्रांचे पहारेकरी. धिप्पाड, हत्यारबंद. तो सरळ त्यांच्यावर चालून गेला आणि तिथं एक मौज झाली, रागानं हसावं अशी. त्याला हात कोण लावणार? खालच्यांच्या शिपायानं वरच्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला धरलं, तर ते युद्धाचं कारण. आणि वरच्यांच्या शिपायाची काय बिशाद, आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या चिरंजीवांना अडवायची? कागदावर तो राजपुत्र होता. दोघंही शिपाई ‘तू धर, तू धर’ करत एकमेकांकडं बघत राहिले.

“व्हा बाजूला,” धैर्यशील म्हणाला, “माझी आये मेलीया.”

बाजूला झाले. वरच्यांच्या शिपायानं तर सलाम ठोकला, सवय.

त्याचं पाऊल फाटकाबाहेर पडलं आणि माळावर वर्षानुवर्षं घुमणारा गुं-गुं आवाज थांबला. हलगी बंद. वर लाखो प्रक्षेपकांचं पाऊल चुकलं. समुद्राच्या दोन्ही काठांवर दिव्यांचे मनोरे विझत गेले. इस्पितळं आणि पाण्याच्या टाक्या साठवणीच्या विजेवर चालल्या, तेवढी अक्कल करारात होती. बाकी सगळं निजलं. विचार करणारी यंत्रं निजली, हत्यारांचे कारखाने निजले. दोघांची क्षेपणास्त्रं डागणारी यंत्रणासुद्धा याच विजेवर, तीही निजली. वरच्यांना वाटलं खालच्यांनी दगा केला, खालच्यांना वाटलं वरच्यांनी, आणि दोघांनी बदल्याची बटणं दाबून पाहिली. दाबली गेली. झालं काहीच नाही. अशी शांतता जगात पूर्वी कधी नांदली असेल तर माझ्या वाचनात नाही.

इकडं बोरखडकला एका गालाला साबण लावलेला माणूस तिरडीला खांदा देत होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून तो घरासमोर घोंगड्यावर बसला होता, मुंडण केलेला. गाड्यांचा ताफा आला. तोच राजदूत, सोबत तोच वकील, आणि त्यांच्या शेजारी खालच्यांचाही राजदूत. एकाच गाडीतून! संकट मोठं गुणी असतं.

वकिलाच्या यंत्रानं सुरुवात केली, “आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्याच धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक गेलेल्या पुत्रास जन्मदात्या मातेचे सुतक तीन दिवस असते. ते आज संपते. आपण गाडीत बसावे.”

भटजींनी मान खाली घातली. शास्त्रात तसं आहे खरं.

धैर्यशीलनं शांतपणे विचारलं, “आजारी होती तवा ती माझी कोण होती?”

त्यानं स्वतःच उत्तर दिलं.

“कुणी न्हवती. तुमीच लिवून दिलं. मरतानाबी कुणी न्हवती. आन् आता मेल्यावर तीन दिसांपुरती आई झाली व्हय? ही कसली आई, भाड्याची?” आता त्याचा आवाज चढला. “मी दहा दिस पाळणार. सगळं.”

“दहा दिवसांचे सुतक केवळ मुलाला असते.”

“मग मी कोण हाय?”

राजदूतानं वकिलाकडं पाहिलं, वकिलानं कागदाकडं. त्या प्रश्नाला उत्तर दिलं तर करार मोडत होता आणि न दिलं तर दिवे लागत नव्हते. शेवटी दोघंही लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. गावानं त्यांना चहा दिला. सुतकाच्या घरचा नाही, शेजारचा. आमच्याकडं रीत पाळतात.

त्या दिवसांत त्यांनी काय काय करून पाहिलं! नवा दत्तक शोधला. आमच्या गावात विचारलं, शेजारच्या तालुक्यात विचारलं, तसली रीत पाळणारा सगळा मुलूख पालथा घातला. पण वैजंताची गोष्ट पुढं पळाली होती. कागद तयार, भटजी तयार, मुलगेही तयार. पाणी सोडायला आई मिळेना. एका म्हातारीनं तर वकिलाला विचारलं म्हणे, “तुझ्या आईनं तुला दिलाय का कुणाला? मग आधी तिच्याकडं जा.”

आणि माळावर एक गोष्ट घडत होती. शलाका नव्हती, वरची ऊब गेली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी एक होला दिसला. मग चिमण्या. आणि दहाव्याला सकाळी, जाळीच्या खांबावर, एकच कावळा.

दहावा ओढ्याच्या पात्रात होता. पाणी नव्हतंच, वाळू होती. भाताचा पिंड ठेवला, तिच्या आवडीची मटकीची उसळ ठेवली, आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. राजदूतांना पाठाऱ्यांनी समजावलं होतं, की कावळा शिवला म्हणजे विधी पुरा, मग चिरंजीव मोकळे. म्हणून जगातल्या दोन सर्वांत बलवान राष्ट्रांचे प्रतिनिधी वाळूत उभे राहून एका कावळ्याकडं टक लावून बघत होते.

कावळा खाली आला. पिंडाभोवती एक फेरी मारली आणि बाभळीवर जाऊन बसला.

“इच्छा राहिलीय,” बायका कुजबुजल्या.

वरच्यांचा राजदूत पुढं झाला. कावळ्याला उद्देशून बोलावं की गावाला, हे त्याला कळेना. यंत्र म्हणालं, “आम्ही अभिवचन देतो, आठवड्याच्या आत या गावास वीज मिळेल. मात्र चिरंजीवांनी आजच परतावे.”

कावळ्यानं मान वळवली.

खालच्यांचा म्हणाला, “वीज आणि पाणी. प्रत्येक घरी.”

कावळ्यानं पंख खाजवला.

ऊन चढलं. वकील कासावीस झाला. त्यानं भटजींना बाजूला घेऊन काही विचारलं आणि एकदम उजळला. “असे समजते की कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून पिंडास लावता येतो. शास्त्रसंमत पर्याय उपलब्ध आहे. तो वापरावा.”

भटजी दर्भाला हात घालणार, तेवढ्यात धैर्यशील उठला. असा उठला की खालच्यांचा राजदूत दोन पावलं मागं गेला.

“पर्याय!” तो ओरडला. “तुमच्या पोराला पर्याय मी. तुमच्या बापपणाला पर्याय ह्यो राजदूत. माझ्या आईला पर्याय ती फुलंवाली बाई. आन् आता कावळा पन गवताचा? एक तरी खरी गोष्ट ठेवली का रं तुमी दुनियेत? तुमची पोरं खरी हाईत ना? कुठं हाईत? समुद्राकाठी वाळूत लोळत्यात. आन् तुमी दोघं एकमेकांवर इश्वास ठेवायचा तर जळायला बसवलं कुणाला? मला आन् रेश्माला! आमी जळालो आसतो तर तुमच्या घरातली एक भाकर करपली नसती. ह्याला सुरक्षा म्हणता?”

दुभाष्या यंत्रानं एवढं सगळं भाषांतर करायला घेतलं आणि मधेच बंद पडलं. चार्जिंगला लावलेलं नव्हतं बहुतेक. पण दोन्ही राजदूतांना अर्थ कळला. तोंडावरून दिसत होतं.

धैर्यशील गावाकडं वळला. रागाच्या भरात त्याला आता आठवलं होतं की पारड्यात फक्त तोच नाही. “ते लाईट देत्यात,” तो म्हणाला. “पाणी देत्यात. मी गेलो तर.”

 डोक्यावर हंडे वाहून ज्यांच्या माना बसल्या होत्या त्या बायका तिथं उभ्या होत्या. मी खोटं सांगत नाही, क्षणभर मला भीती वाटली. मग शेजारीण म्हणाली, जिनं पोरगी पळत पाठवली होती ती, “टँकर हाय की आपला. चावी अजून खुंटीलाच हाय.”

धैर्यशील पिंडाजवळ गुडघ्यावर बसला. हात जोडले आणि अगदी हळू म्हणाला, “आये, मी पुन्यांदा कुणाच्या मांडीवर बसायचा न्हाई.”

कावळा बाभळीवरून सुटला तो दगडासारखा सुटला. पिंडाचा मोठा लचका घेतला, उसळीतही चोच घातली, आणि जाळीच्या दिशेनं उडून गेला.

गर्दीतून एक पट्टा वाळूत पडला. रेश्माचा होता. जामीनघर आता नुसतं घर उरलं होतं, म्हणून ती उठून आली होती. “माझी आई आसती,” ती खालच्यांच्या राजदूताला म्हणाली, “तर तिनं मला दिलीच नसती. चुलत्यानं दिली. त्येला घेऊन जा दत्तक.”

पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे, पण जग ते वेगळ्या शब्दांत सांगतं. अंधार सोसेना तेव्हा एका सकाळी माळावर दोन विमानं उतरली. एकातून उंचेला, रुसलेला मुलगा उतरला, दुसऱ्यातून नखं खाणारी मुलगी. खरी. रक्ताची. पट्टे मनगटात चढले, हलगी वाजली, दिवे लागले. आणि एखाद्या महिन्यातच चमत्कार झाला. दोन्ही राष्ट्रांनी आमचा माळ ज्यांच्या टप्प्यात येतो ती सगळी क्षेपणास्त्रं मागं घेतली. शलाका कधीच आवळता येणार नाही अशी यंत्रातच सोय केली. ती सोय म्हणे पहिल्यापासून करता येत होती, पण खर्चिक होती. विद्वानांनी त्यावर परिषदा भरवल्या: परस्परविश्वासाची नवी वास्तुरचना. वैजंताचं नाव एकाही निबंधात नाही.

बोरखडकला लाईट आली, तीही महिन्याच्या आत. का आली ऐका. वरच्यांच्या मुलाच्या खिडकीतून आमचं गाव दिसायचं, आणि सांज झाली की तो सगळा काळोख बघून त्याला भीती वाटायची. त्यानं घरी सांगितलं. तिसरा वाटा एका दिवसात निघाला.

मोटर चालली, टँकर दारात उभा राहिला. धैर्यशील आता रेश्माबरोबर जाळीखाली शेळ्या चारतो. एकमेकांशी बोलायला कुणाची बंदी नाही. पण सवय, अजून शेळीशीच बोलतात.

परवा दुपारी मीही होतो तिथं. जामीनघराच्या खिडक्या उघड्या होत्या. आत फोन वाजला. तो मुलगा त्रासलेल्या आवाजात काहीतरी बोलला आणि आपटला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मग पुन्हा. रेश्माला त्यांची भाषा थोडीबहुत येते. इतकी वर्षं पहारेकऱ्यांत काढली. ती कान देऊन ऐकत होती.

“ए शेळे,” ती म्हणाली, “त्याला सांग, बाप इचारतोय. जेवलास का म्हणून. दिसातनं चारदा.”

धैर्यशीलनं वळून त्या खिडकीकडं पाहिलं.

“शेळे,” तो म्हणाला, “तिला सांग, वाजतोय की गं तो फोन. मला वाटलं व्हतं, बिघडलाय.”